बालत्वचा आणि आम्लद्रव्ये : बाह्योपचारातील तारतम्य

बाळाच्या उटण्यात लिंबू पिळले तर चालेल काय, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात चिकित्सा करणाऱ्या कोणाही वैद्यास नवा नाही. बारशापूर्वी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत, घरात लग्नकार्य निघाले म्हणजे तो हमखास विचारला जातो. बाळ 'उजळावे' ही त्यामागची इच्छा असते आणि बाळ मुलगी असेल तर ती इच्छा अधिक तीव्र असते. गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाने दुसरे रूप घेतले आहे. आई पिशवीतून एखादी बाटली काढते. तिच्यावर ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, कोजिक यांपैकी एखाद्या ॲसिडचे नाव असते. मोठ्या बहिणीने मुरुमांसाठी आणलेले हे द्रव्य लहान भावाच्या गालावरील खरखरीत डागांना लावावे काय, असे ती विचारते. याउलट काही सुशिक्षित पालक बाळाच्या शाम्पूवर 'सायट्रिक ॲसिड' हे शब्द वाचून घाबरतात आणि ती बाटली फेकून देतात.

दोन्ही प्रसंगी वैद्याने होय किंवा नाही एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. कोणते आम्ल, किती तीव्र, किती काळ, कोणत्या जागी आणि कोणत्या वयात, या पाच प्रश्नांवर उत्तर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांच्या संदर्भात या विषयाचा विचार करण्याचे योजिले आहे. सुश्रुतांच्या वयोविभागानुसार ही क्षीरान्नाद अवस्था आणि अन्नाद अवस्थेचा आरंभ होय. आरंभीच एक शब्दभेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. 'अम्ल' हा आपल्या शास्त्रातील रस आहे आणि 'आम्ल' ही रसायनशास्त्रातील संज्ञा आहे. लिंबू दोन्हींत बसते. परंतु सॅलिसिलिक आम्लाचा विचार केवळ अम्ल रसाच्या गुणकर्मांवरून करता येणार नाही आणि बोरिक आम्लाचा तर मुळीच नाही.

बालत्वचेचे स्वरूप

सुश्रुतांनी शारीरस्थानात सात त्वचा वर्णिल्या असून त्यांची जाडी व्रीहीच्या, म्हणजे धानाच्या दाण्याच्या मापाने दिली आहे. सर्वांत बाहेरची अवभासिनी व्रीहीच्या अठराव्या भागाइतकी आहे. धानाच्या या जिल्ह्यात हे माप समजावून सांगावे लागत नाही. त्याच ठिकाणी सुश्रुतांनी हेही नमूद केले आहे की, हे प्रमाण मांसल भागांपुरते आहे, ललाट किंवा लहान बोटे यांना ते लागू नाही. त्वचेची जाडी स्थानपरत्वे बदलते आणि उपचारही त्यानुसार बदलला पाहिजे, ही जाणीव आपल्या ग्रंथांत इतकी जुनी आहे.

आधुनिक मोजमापांनी वयाचा भेदही दाखवून दिला आहे. सहा ते चोवीस महिने वयाच्या बालकांत त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर प्रौढांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के आणि संपूर्ण अधिचर्म सुमारे २० टक्के पातळ असल्याचे आढळले आहे. बालत्वचा पाणी लवकर शोषते आणि तितक्याच लवकर गमावते. याशिवाय वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. १० किलो वजनाच्या बालकाचे त्वचाक्षेत्र सुमारे अर्धा चौरस मीटर, तर ६० किलोच्या प्रौढाचे पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असते. म्हणजे प्रतिकिलो हिशेबाने बालकाची त्वचा पावणेदोन पटींच्या जवळपास जाते. अंगभर लावलेल्या द्रव्याचा शरीरात जाणारा वाटाही त्याच प्रमाणात वाढतो.

हा विचार आपल्याला परका नाही. अभ्यंग, परिषेक, अवगाह, लेप यांतील द्रव्यांचे पचन त्वचेतील भ्राजक पित्त करते, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. त्वचेवर लावलेले द्रव्य केवळ वर राहत नाही, ते आत जाते आणि त्यावर संस्कार होतात, हाच त्याचा अर्थ. ज्या बालकाचे धातू अपरिपक्व, बल असंपूर्ण आणि शरीर क्लेश न सोसणारे आहे, त्याच्या मुखात औषध घालताना आपण जी मात्रा मोजतो, ती त्वचेवर घालतानाही मोजली पाहिजे.

त्वचेचे स्वतःचे आम्ल आवरण

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. १९२८ मध्ये शाडे आणि मार्चिओनिनी या जर्मन संशोधकांनी या गुणधर्माला 'आम्ल आवरण' हे नाव दिले. घामातील लॅक्टिक आम्ल, त्वचास्नेहाच्या विघटनातून निघणारी मेदाम्ले आणि शृंगस्तरातील प्रथिनांपासून तयार होणारी काही आम्ले यांच्या योगाने हे आवरण सिद्ध होते. जन्मतः त्वचेचा सामू, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात पीएच म्हणतो तो, जवळजवळ उदासीन असतो. पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत तो उतरत जाऊन ५ ते ५.५ च्या आसपास स्थिरावतो.

या आम्लतेचे कार्य दुहेरी आहे. शृंगस्तरातील स्निग्ध घटकांची जडणघडण करणारी विकरे आम्ल परिस्थितीतच नीट काम करतात, तर पेशींचे परस्परबंध तोडणारी विकरे सामू वाढला की अधिक क्रियाशील होतात. शिवाय पूयजनक जंतूंना उदासीन परिस्थिती अधिक मानवते. म्हणूनच साध्या साबणाने, ज्याचा सामू ९ ते १० असतो, वारंवार धुतलेली बालत्वचा कोरडी होते, तडकते आणि खाजू लागते.

येथेच एक गैरसमज उद्भवतो. त्वचेला आम्लता हितकर आहे, तेव्हा आम्ल लावणेही हितकर असले पाहिजे, असे मानले जाते. जाहिरातीही या तर्काचा आधार घेतात. वस्तुतः त्वचेचे आम्ल आवरण त्वचा स्वतः घडवते. आपले काम ते न बिघडवण्याचे आहे, बाहेरून ओतण्याचे नाही. जठराग्नी हितकर आहे म्हणून आपण कोणाला निखारे खाऊ घालत नाही.

सामूचे गणित

सामूची मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक होय. त्वचेचा सामू ५.५ आणि लिंबाच्या रसाचा सुमारे २.५ धरला, तर फरक तीन अंकांचा दिसतो, पण लिंबाची आम्लता त्वचेच्या हजारपट ठरते. चिंचेचा कोळ आणि व्हिनेगर यांचा सामू साधारणतः २.५ ते ३ च्या आसपास असतो. दह्याचा ४ ते ४.५ असतो. दूध जवळजवळ उदासीन, ६.६ च्या सुमारास असते. तेव्हा 'दही लावले तर काही झाले नाही, मग लिंबाने काय होणार' हा युक्तिवाद टिकत नाही. दही आणि लिंबू यांत शंभरपटींचे अंतर पडू शकते.

चिंचेने तांब्याचा गडवा लखलखीत होतो हे आपल्या घराघरांत पाहिलेले असते आणि त्वचाही तशीच उजळेल असे मनोमन वाटते. गडव्यावरचा काळा थर हवेने चढलेला असतो. चिंचेतील आम्ल तो विरघळवते आणि खालचे तांबे उघडे पडते. बाळाच्या त्वचेवर असा कोणताही उपरा थर नसतो. तिचा वर्ण तिच्या आतील रंगद्रव्याचा असतो. आम्लाने जे खरवडले जाते ते तिचे आधीच पातळ असलेले संरक्षण होय.

बालउत्पादनांच्या सामूचा प्रश्न आपल्या राज्यात कायद्याच्या कक्षेतही आलेला आहे. पुणे व नाशिक येथे घेतलेले जॉन्सन्स बेबी पावडरचे नमुने सामूच्या कसोटीत भारतीय मानकाप्रमाणे उतरले नाहीत, या कारणाने महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याचा त्या पावडरीच्या उत्पादनाचा परवाना रद्द केला. त्या नमुन्यांचा सामू मर्यादेहून अधिक, म्हणजे क्षारधर्माकडे झुकलेला असल्याचे प्रशासनाचे म्हणणे होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्याने नमुने तपासण्यात आले, ते मानकानुसार असल्याचे दिसले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्दबातल ठरवले. कारवाईला झालेल्या विलंबावरही न्यायालयाने टीका केली. या प्रकरणातून आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, शिशूंच्या पावडरीसाठी सामूची मर्यादा मानकात लिहिलेली आहे. आपण घरी किंवा चिकित्सालयात सिद्ध करून देतो त्या उटण्याला व लेपाला मात्र अशी कोणतीही मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. ती आपणच घालावयाची आहे.

एकच आम्ल, दोन रूपे

लेबलावरील 'ॲसिड' या शब्दामागे फार भिन्न द्रव्ये असतात. व्यवहारासाठी त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट निरुपद्रवी आम्लांचा. स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल असून मलमाला घट्टपणा आणते. हायल्युरोनिक आम्ल जलधारक आहे. शाम्पूतील किंवा मलमातील अत्यल्प सायट्रिक आम्ल सामू त्वचेच्या जवळ आणण्यासाठी घातलेले असते. या नावांना घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा गट त्वचा सोलणाऱ्या आम्लांचा. ग्लायकॉलिक, लॅक्टिक आणि मॅन्डेलिक ही फळे, दूध इत्यादींशी संबंधित आम्ले तसेच सॅलिसिलिक आम्ल यात येते. तिसरा गट वर्ण उजळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोजिकादी आम्लांचा. दुसऱ्या व तिसऱ्या गटाला बालकाच्या सौंदर्यप्रसाधनांत स्थान नाही.

लॅक्टिक आम्लासारखे एकच द्रव्य पहिल्या गटासारखेही वागते आणि दुसऱ्यासारखेही. आम्लाचा जो अंश मुक्त, अविघटित स्वरूपात असतो तोच शृंगस्तर ओलांडून आत शिरतो. हा अंश सामूवर ठरतो. ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लाच्या बाबतीत सामू ३.८ च्या सुमारास असेल तर जवळजवळ निम्मे आम्ल मुक्त असते. सामू ५.५ असेल तर मुक्त अंश केवळ दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून ५.५ सामूच्या बालमलमातील थोडेसे लॅक्टिक आम्ल त्वचेतील नैसर्गिक आर्द्रताघटकासारखे वागते, तर ३.८ सामूच्या प्रौढांच्या द्रवातील तेच आम्ल त्वचा सोलते.

प्रौढांसाठीसुद्धा या दुसऱ्या गटाला मर्यादा आहेत. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लासाठी घरगुती वापरात १० टक्क्यांपर्यंत प्रमाण आणि सामू ३.५ पेक्षा कमी नसणे, या अटी घातल्या. सूर्यप्रकाशाने होणाऱ्या दाहापासून संरक्षणाची अटही त्यासोबत होती. ज्या द्रव्याला प्रौढ त्वचेवर इतक्या अटी आहेत, ते दीड वर्षाच्या बालकाच्या गालावर लावण्याचे प्रयोजनच उरत नाही.

लिंबू आणि ऊन

लिंबाचा दोष केवळ आम्लतेचा नाही. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीतील तेलात, फ्युरोकुमारिन वर्गाची द्रव्ये असतात. ती त्वचेला लागली आणि त्यावर सूर्यकिरण पडले, तर दाह होतो. लाली, फोड आणि जळजळ साधारणतः दुसऱ्या दिवशी दिसू लागते, दोन-तीन दिवसांत वाढते आणि मागे काळसर डाग राहतात. ते जाण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

आपणा वैद्यांना ही प्रक्रिया वेगळी शिकावी लागत नाही. श्वित्रात बाकुचीचा प्रयोग करून रुग्णास आतपसेवन करावयास सांगतो, तेव्हा आपण हाच परिणाम हेतुपुरस्सर घडवून आणत असतो. सोरालेन हे नावही बाकुचीच्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे. लिंबाचा रस लावून बाळाला उन्हात नेणे म्हणजे मात्रा, काल आणि प्रयोजन यांपैकी काहीही न ठरवता केलेला बाकुचीप्रयोगच होय.

आपल्या जिल्ह्यात या धोक्याला ऋतूची व शेतीची जोड आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पुढे रोवणीच्या दिवसांत आई बांधीत उतरते आणि बाळ धुऱ्यावर, झाडाच्या फिरत्या सावलीत असते. सकाळी लिंबू-बेसन लावून न्हाऊ घातलेल्या अशा बालकांच्या गालांवर, मानेच्या वळ्यांत आणि मांड्यांवर ओघळाच्या आकाराचे काळसर पट्टे आम्ही पाहिले आहेत. घरच्यांना ती दृष्ट वाटते, कोणाला नागीण वाटते. वैद्यकीय साहित्यात तर अशी प्रकरणे नोंदलेली आहेत की, लिंबू पिळलेल्या हातांनी बाळाला उचलल्यामुळे त्याच्या अंगावर बोटांचे डाग उमटले आणि बाळाला मारहाण झाल्याचा संशय घेतला गेला. म्हणून विचित्र आकाराचे, सरळ रेषेतील किंवा ओघळासारखे डाग दिसताच मागील दोन-तीन दिवसांत लिंबाचा स्पर्श आणि ऊन यांविषयी अवश्य विचारावे.

यात एक दुःखद विसंगती आहे. ज्या मुलीचा वर्ण उजळावा म्हणून हा खटाटोप केला, तिचीच त्वचा काही महिने काळवंडते आणि मग ते डाग घालवण्यासाठी आणखी तीव्र द्रव्य शोधले जाते.

सॅलिसिलिक आम्ल : शरीरात शिरणारे द्रव्य

पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्ण व नायट्याचे रुग्ण वाढतात. अशा वेळी घरात एकच मलम असते आणि ते आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना लावले जाते. यांपैकी अनेक मलमांत सॅलिसिलिक आम्ल असते. उदाहरणार्थ, व्हिटफिल्डच्या प्रसिद्ध मलमात ६ टक्के बेन्झोइक व ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते.

हिशेब करून पाहू. ३ टक्क्यांच्या ५ ग्रॅम मलमात १५० मिलिग्रॅम सॅलिसिलिक आम्ल असते. ते सारे शोषले गेले असे धरल्यास ६० किलोच्या माणसात ते प्रतिकिलो २.५ मिलिग्रॅम होते, तर १० किलोच्या बालकात १५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात सर्व शोषले जात नाही. परंतु त्वचा खाजवून सोलवटलेली असेल, मलम वळ्यांत किंवा लंगोटाखाली असेल, दिवसातून दोन-तीनदा आणि अनेक दिवस लावले जात असेल, तर शोषण खूप वाढते. मत्स्यत्वचेसारख्या विकारात अंगभर सॅलिसिलिक मलम लावलेल्या बालकांत विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. वेगाने व खोल चालणारा श्वास, उलट्या, अस्वस्थता आणि ग्लानी ही तिची लक्षणे होत. ती ज्वराची किंवा न्यूमोनियाची समजली जाण्याचा संभव असतो. युरोपीय संघाच्या नियमांनी तीन वर्षांखालील बालकांच्या त्वचेवर राहू द्यावयाच्या प्रसाधनांत सॅलिसिलिक आम्लाला मज्जाव केला आहे, तो याच कारणाने.

या ठिकाणी आपल्या स्वतःच्या औषधपेटीकडेही पाहावयास हवे. वेदनाशामक तेलांत व बामांत वापरले जाणारे गंधपुरा तेल म्हणजे प्रामुख्याने मिथिल सॅलिसिलेट होय. शरीरात त्याचे सॅलिसिलिक आम्लच होते. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या तोडीचे सॅलिसिलेट असते. बालकाने तेवढे गिळल्यास ते प्राणघातक ठरू शकते. सर्दीत बाळाच्या छातीला बाम चोळणे आणि तेलाची बाटली बाजेखाली ठेवणे, या दोन्ही सवयी घरोघरी आहेत. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य अशा वेळी आपल्या तोंडून निघता कामा नये.

बोरिक पावडर

बोरिक आम्ल सौम्य आहे, झोंबत नाही, म्हणून ते निर्धोक वाटते. कॅरमच्या पटावर टाकण्याची हीच पावडर काही घरांत बाळाच्या जांघेतही टाकली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतही शिशूंच्या पावडरीत व मलमांत ते सर्रास असे. सोलवटलेल्या त्वचेतून ते शोषले जाऊन अर्भके दगावल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि मग हा वापर मागे पडला. उलट्या, जुलाब, अंगभर गडद लाली, नंतर त्वचा सुटणे, झटके आणि वृक्कदुष्टी अशी ही विषबाधा असते. झोंबणे हे धोक्याचे एकमेव लक्षण नाही, हा धडा या आम्लापासून घ्यावा.

याच बोरॉनवर्गातील टाकणखार मधात कालवून बाळाच्या हिरड्यांना व तोंडातील छाल्यांना चोळण्याची पद्धत आहे. मध व टाकणखार लावलेली चोखणी वारंवार दिल्यामुळे अर्भकांना झटके आल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. टंकणाचा बालकांत प्रयोग करणाऱ्यांनी मात्रा आणि कालमर्यादा यांविषयी फार जपावे.

अहिपूतन : जेथे आम्ल व क्षार एकत्र येतात

सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत अहिपूतनाचे वर्णन करताना मल-मूत्र व घाम न धुणे, स्नान न घालणे ही कारणे सांगितली आहेत. आजचे ज्ञान याच दिशेने जाते. मलमूत्राच्या संयोगाने अमोनिया तयार होऊन लंगोटाखालील सामू वाढतो आणि त्यामुळे मलातील प्रथिने व मेद पचवणारी विकरे क्रियाशील होऊन त्वचेवर हल्ला करतात. म्हणजे मूळ बिघाड सामू वाढल्याचा आहे. मग तो उतरवण्यासाठी आम्ल लावावे काय? नाही. सोललेल्या जागी आम्ल वेदना व दाह वाढवते. कारण दूर करणे, म्हणजे त्वरित धुणे, कोरडे ठेवणे, हवा लागू देणे आणि वर स्निग्ध आवरण देणे, हीच खरी चिकित्सा होय.

आपल्यासमोर एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. सुश्रुतांच्या चिकित्सास्थानात अहिपूतनावर कासीस, तुत्थ, हरताल, रसांजन इत्यादींचा अम्लद्रवात वाटलेला लेप सांगितला आहे. ग्रंथोक्त म्हणून तो आज बालकास लावावा काय? आमचे मत स्पष्ट आहे. तुत्थ म्हणजे ताम्रलवण आणि हरताल म्हणजे सोमलयुक्त खनिज. उघड्या बालत्वचेतून या द्रव्यांच्या शोषणाविषयी आज जे ज्ञात आहे, ते पाहता हा लेप देऊ नये. त्याच प्रकरणात त्रिफळा, बदर, खदिर यांच्या क्वाथाने व्रणाचे रोपण सांगितले आहे. एका ग्रंथात दोन मार्ग दिलेले असताना वय, बल आणि देश पाहून सौम्य मार्ग निवडणे हा ग्रंथाचा अनादर नव्हे. बालकांना मृदू, मधुर-कषाय, क्षीरयुक्त औषधे द्यावीत आणि तीक्ष्ण उपक्रम टाळावेत, ही चरकांची शिकवण आहे. क्षारकर्मासाठी सुश्रुतांनी बालकास अयोग्य ठरवले, तेही याच न्यायाने. तीक्ष्ण क्षार जर बालकास वर्ज्य, तर तीक्ष्ण आम्ल वर्ज्य मानण्यास वेगळे वचन शोधण्याची गरज नाही.

त्रिफळाक्वाथाविषयीही एक सूचना आहे. आमलकीमुळे तो स्वभावतः आम्लधर्मी असतो. तेव्हा तो गाळून, पातळ व कोमट करून वापरावा आणि नंतर जागा टिपून कोरडी करावी.

अम्ल रसाचे दोन पैलू

कोणी विचारील की कांजीच्या बाह्यस्पर्शाने दाह व ज्वर शमतो असे चरकांनीच म्हटले आहे, मग अम्लाला इतके का घाबरावे? प्रश्न रास्त आहे. कांजी, तक्र ही संधानाने तयार झालेली, विपुल जलांश असलेली मृदू द्रव्ये आहेत. धुण्यासाठी किंवा परिषेकासाठी ती लावून काढली जातात. लिंबाचा रस उटण्यात मिसळून वाळेपर्यंत ठेवला जातो आणि पाणी उडाले की मागे राहिलेले आम्ल अधिक तीव्र होते. लेप वाळल्यावर ठेवू नये हा सुश्रुतांचा नियम येथे किती अर्थपूर्ण ठरतो ते पाहावे. शिवाय अतियोगाने अम्ल रस पित्त वाढवतो, रक्त दूषित करतो, मांसात विदाह उत्पन्न करतो आणि कृश, दुर्बल व क्षत झालेल्यांत शोथ आणतो, हेही चरकांनीच सांगितले आहे. बालक स्वभावतः असंपूर्णबल आहे. त्याची खाजवलेली, घामोळ्यांनी फुटलेली त्वचा ही क्षत त्वचाच होय.

चिकित्सालयात पाळावयाचे नियम

१. तीन वर्षांखालील बालकास लिंबू, चिंच, व्हिनेगर, आवळ्याचा रस यांपैकी काहीही त्वचेवर लावण्यास सांगू नये. उटणे द्यावयाचे असल्यास मुगाचे पीठ दुधात किंवा पाण्यात कालवून, न घासता, हलक्या हाताने लावून लगेच धुण्यास सांगावे. फुटलेल्या त्वचेवर उटणेही नको.

२. चिकित्सालयात सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या ठेवाव्यात. त्या स्वस्त असतात. बालकासाठी दिलेला क्वाथ, लेप किंवा आईने आणलेला द्रव ओला करून पट्टी लावावी. सामू ४.५ पेक्षा कमी किंवा ८ पेक्षा अधिक असल्यास तो अंगावर ठेवण्यासाठी देऊ नये, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे.

३. बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, मॅन्डेलिक, कोजिक, बोरिक यांपैकी नाव दिसल्यास ती बालकासाठी नाही असे स्पष्ट सांगावे. सायट्रिक, स्टिअरिक, हायल्युरोनिक यांची भीती घालवावी.

४. गजकर्णाचे मलम प्रत्येकाच्या वयानुसार वेगळे द्यावे. कुटुंबासाठी एकच डबी देऊ नये.

५. टाळूवरील चिकट खपलीस सॅलिसिलिकयुक्त शाम्पू न देता रात्री तिळाचे किंवा खोबरेल तेल मुरवून सकाळी मऊ फणीने हळुवार काढण्यास सांगावे.

६. आम्ल लागून दाह झाल्यास वाहत्या साध्या पाण्याने दीर्घकाळ धुवावे. सुश्रुतांनी क्षारदग्धास अम्ल सांगितले आहे, त्यावरून आम्लदग्धास घरी सोडा किंवा चुना लावण्याचा उलटा प्रयोग बालकावर करू नये. धुतल्यानंतर शतधौत घृतासारखे सौम्य स्निग्ध द्रव्य लावावे आणि काही दिवस त्या जागी ऊन लागू देऊ नये. डोळ्यात गेल्यास पंधरा ते वीस मिनिटे धुऊन लगेच पाठवावे.

७. मलम अंगभर लावल्यानंतर किंवा गंधपुरा तेल गिळल्यानंतर श्वास जलद झाला, उलट्या वा ग्लानी आली, तर उलटी करवण्यात वेळ न दवडता बालकास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. देवरी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या दूरच्या तालुक्यांत हा निर्णय लवकर घेणे अधिक महत्त्वाचे. मलमाची डबी किंवा बाटली सोबत द्यावी.

उपसंहार

आम्लता ही बालत्वचेची स्वतःची संपत्ती आहे. साबणाने ती उधळू नये आणि लिंबाने ती वाढवू पाहू नये. सौम्य शुद्धी, यथायोग्य स्नेह आणि तीक्ष्णाचा त्याग, एवढे पाळले तर बहुतेक बालकांच्या त्वचेला दुसऱ्या कशाची गरज लागत नाही.

शेवटी एक गोष्ट औषधाच्या पलीकडची. लिंबू पिळणारी आई अज्ञानी नसते. सावळ्या मुलीच्या भवितव्याची तिला चिंता असते, आणि ती चिंता तिच्या मनात घरच्यांनी व शेजाऱ्यांनी पेरलेली असते. 'लिंबू लावू नका' एवढे सांगून ती चिंता मिटत नाही. तिला दुसरे कोणी दुसरी बाटली देईल. म्हणून वैद्याने दोन मिनिटे अधिक देऊन सांगावे की, बाळाचा वर्ण त्याच्या प्रकृतीचा आहे, तो रोग नाही, आणि ज्याला रोग नाही त्याला औषध नसते. आजी व वडील सोबत असतील तर त्यांच्यासमोरच सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात वैद्याच्या शब्दाला आजही वजन आहे. त्या वजनाचा उपयोग या बालकांसाठी व्हावा, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींस विनंती.